ड्रॅगच्या गाडीची मागची हाउसिंग कशी बांधावी

ड्रॅग म्हणजे उभ्या गाडीने सुटून सरळ पट्टीवर धावायची शर्यत, आणि मागची हाउसिंग म्हणजे मागच्या चाकांना जोर वाटणारा डिफरन्शियल ज्यात बसतो ती पेटी. इंजिनाचा जोर वाढवला म्हणून डिफरन्शियल लगेच तुटत नाही. तो बहुतेक वेळा तुटतो चिकट टायर चढवल्यावर. समजा इंजिनाचा टॉर्क ५५० न्यूटन मीटर आहे, पहिला गिअर ३.६ आणि क्राउन-पिनियनचा (शाफ्टच्या टोकाचा लहान पिनियन आणि तो फिरवतो तो मोठा क्राउन गिअर) रेशो ३.७३. तिन्हींचा गुणाकार केला तर मागच्या एक्सलवर सुमारे ७,४०० न्यूटन मीटर येतात. पण रस्ता एवढा जोर घेत नाही. सुटताना मागच्या चाकांवर १,००० किलो वजन येत असेल, चाकाची त्रिज्या ०.३४ मीटर असेल आणि साध्या टायरची पकड वजनाइतकीच असेल, तर ३,३०० न्यूटन मीटरच्या आसपास चाक जागेवर फिरायला लागतं. बाकीचा जोर धुरात जातो. त्याच गाडीला ड्रॅग रेडियल हे चिकट टायर बसवून पकड दीडपट केली की एक्सलवर ५,००० न्यूटन मीटर यायला लागतात. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, पण भार दीडपट. त्यात क्लच झटक्यात सोडला तर फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोरही त्याच क्षणी पिनियनच्या दातांवर आदळतो. म्हणून कोणते भाग घ्यायचे ते गाडीचं वजन, टायर आणि गिअरबॉक्स पाहून ठरवावं. जाहिरातीतल्या हॉर्सपॉवरच्या आकड्यावर ठरवू नये.

बेळगाव, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात उसाच्या ट्रकचे क्राउन-पिनियन बांधणारे मिस्त्री पुष्कळ आहेत आणि त्यांचा हात पक्का आहे. ट्रकच्या कामात आणि ड्रॅगच्या कामात फरक एवढाच, की ट्रकवरचा भार मोठा असला तरी हळूहळू चढतो, ड्रॅगमध्ये तो एका ठोक्यात येतो. त्या ठोक्याने हाउसिंग वाकते, बेअरिंगच्या टोप्या सरकतात, पिनियन क्राउनपासून दूर ढकलला जातो आणि दातांची पकड काठावर येते. दात तुटतो तो तिथे. महागडा गिअर ढिल्या हाउसिंगमध्ये बसवला तर तोही तुटतो. आधी हाउसिंग घट्ट आणि सरळ करायची, मग गिअर, मग एक्सल, हा क्रम आम्ही सोडत नाही.

काय घ्यायचं

दोन्ही चाकं कायम एकत्र फिरवणारा स्पूल हा फक्त पट्टीवर धावणाऱ्या गाडीसाठी सगळ्यात हलका आणि मजबूत पर्याय आहे. रस्त्यावर वळताना तो टायर घासतो आणि एक्सलला पीळ देतो, म्हणून रोजच्या गाडीत नको. रोज चालवायची आणि कधीमधी धावायची अशा गाडीला क्लच-प्लेटचा लिमिटेड स्लिप (एकाच चाकाचं मोकळं फिरणं आवरणारा डिफरन्शियल) बरा, त्याच्या प्लेटा झिजल्या की बदलता येतात. हेलिकल गिअरचा लिमिटेड स्लिप शांत आणि टिकाऊ असतो, पण एक चाक हवेत गेलं किंवा अगदी मोकळं झालं की तो साध्या डिफरन्शियलसारखा वागतो. लॉकर (सरळ जाताना दोन्ही चाकं जोडणारा आणि वळणावर सोडणारा) भक्कम असतो, मात्र वळणावर खटखट करतो आणि अचानक जोडला जातो, याची सवय लागते. डिफरन्शियलमधले लहान स्टार गिअर वेल्ड करून लॉक करण्याचा स्वस्त मार्ग मात्र घेऊ नका. ते गिअर वरून कार्बन देऊन कडक केलेले असतात, वेल्डिंगजवळ तडे जातात आणि तुटलेला तुकडा क्राउनमध्ये गेला की सगळी हाउसिंग जाते.

गिअरच्या पोलादातही फरक असतो. रस्त्यावरचे गिअर साधारण ८६२० पोलादाचे, पृष्ठभाग खूप कडक असलेले. ड्रॅगचे म्हणून विकले जाणारे गिअर ९३१० पोलादाचे असतात. ते ठोका सहन करतात पण लवकर झिजतात, म्हणून रोजच्या गाडीत त्यांचा खर्च वाया जातो.

रेशो निवडताना शेवटच्या रेषेवरचा वेग धरा. टायरचा व्यास ०.६८ मीटर असेल, तर चौथ्या १:१ गिअरमध्ये ६,५०० फेऱ्यांना ३.७३ रेशोने सुमारे २२३ किमी वेग येतो, ४.१० ने २०३ किमी. पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या, शेवटी तुमची गाडी १९० किमीला असेल तर ३.७३ वर इंजिन ५,५०० फेऱ्यांवरच राहतं, ४.१० वर ते ६,१०० जवळ जातं. जोर ६,००० च्या वर येणाऱ्या इंजिनाला ४.१० रेशो बरोबर. मात्र रेशो जितका मोठा तितका पिनियन लहान आणि त्याचे दात कमी. ३.७३ मध्ये पिनियनला ११ दात असतात, ४.१० मध्ये १०. भरपूर टॉर्क असलेल्या टर्बो गाडीला लहान रेशोच पुरतो आणि टिकतोही. ऑटोमॅटिक गाडीत रेशो बदलला की गिअरबॉक्सच्या कंप्युटरलाही तो सांगावा लागतो, नाहीतर गिअर चुकीच्या वेळी पडतात.

एक्सलची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. २८ स्प्लाइनचा (टोकाला तेवढे लांबट दात कापलेला) एक्सल साधारण ३०.५ मिमी, ३१ चा ३३.५ आणि ३५ चा ३८ मिमी. २८ वरून ३५ वर गेलात तर पिळाला तोंड देण्याची ताकद जवळजवळ दुप्पट होते. स्पूल किंवा साइड गिअर (ज्यात एक्सलचं टोक बसतं) त्याच स्प्लाइनचे घ्यावे लागतात, हे ऑर्डर देण्याआधीच जुळवा.

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेला स्प्लाइन कापून एक्सल करून मिळतो, आणि इथल्या मशीनशॉपचं काम अचूक असतं. अडचण पोलादात आणि हीट ट्रीटमेंटमध्ये येते. ईएन-८ चा एक्सल करू नका. ईएन-२४ घ्या, ते अमेरिकन ४३४० च्या बरोबरीचं पोलाद आहे. मटेरियलचं सर्टिफिकेट मागा, हीट ट्रीटमेंटनंतर कडकपणा मोजून घ्या आणि मॅग्नेटिक पार्टिकल चाचणी करून तडा नाही ना ते बघा. फ्लँज (चाक बसतं ती चकती) आणि दांडा यांच्या कोपऱ्यात गोलाई ठेवायला सांगा, टोकदार कोपऱ्यातून एक्सल कापल्यासारखा तुटतो.

अमेरिकन हाउसिंगचे बोल्ट इंचाचे असतात, इथल्या दुकानात मेट्रिक पटकन मिळतात. दोन्ही मिसळले की आटे जातात. मापं सांगतानाही हाच घोटाळा होतो: कोणी थाउमध्ये बोलतो, कोणी मायक्रॉनमध्ये. १ थाउ म्हणजे ०.०२५ मिमी. कन्नड, मराठी, उर्दू कोणत्याही भाषेत काम चालू द्या, पण माप कागदावर एकाच एककात लिहून टर्नरच्या हातात द्या.

खोलताना

जुना डिफरन्शियल खोलण्याआधी बॅकलॅश (क्राउन आणि पिनियनच्या दातांमधला मोकळेपणा) मोजून लिहून ठेवा आणि दातांवर रंग लावून ते एकमेकांना कुठे टेकतात ती खूण बघा. ऑइल काढल्यावर ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या पिठासारखा लेप असेल तर ठीक. चपटे, धारदार तुकडे दिसले तर ते कुठून आले ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. कॅरिअरच्या (क्राउन ज्यावर बसतो त्या भागाच्या) दोन्ही बेअरिंग-टोप्यांवर पंचने खूण करा, डावीची डावीकडे आणि उलटी न होता बसली पाहिजे. त्या टोप्या हाउसिंगला लावूनच बोअर केलेल्या असतात, बदलल्या तर बेअरिंग आवळतं किंवा ढिलं राहतं. डाव्या-उजव्या शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) वेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि त्यांची जाडी मायक्रोमीटरने मोजून लिहा. क्राउनचे बोल्ट फिरवण्याआधी आट्यांची दिशा बघा, काही अमेरिकन हाउसिंगमध्ये ते डाव्या आट्यांचे असतात आणि चुकीच्या दिशेने जोर लावला की डोकं तुटतं.

हाउसिंग

मध्यभागी ओतीव गोळा आणि त्यात दाबून बसवलेल्या दोन नळ्या, अशी हाउसिंग असेल तर पहिलं काम म्हणजे नळ्या वेल्ड करणं. कारखान्यात त्या थोड्या ठिपक्यांनी अडकवलेल्या असतात, सुटताना गोळा नळ्यांवर फिरतो. ओतीव लोखंडावर साधा रॉड चालत नाही. निकेलचा रॉड घ्या, जोड २०० अंशांच्या पुढे तापवा, ३ सेंटिमीटरचे छोटे टाके समोरासमोर घाला आणि झाल्यावर कोरड्या वाळूत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर हळूहळू निवू द्या. खानापूरकडच्या पावसाळी हवेत हे काम उघड्यावर करू नका, गार वारा लागला की तडा जातो.

वेल्डिंगने नळी वाकते, हे गृहीतच धरा. टर्नरकडून कॅरिअर बेअरिंगच्या जागेत आणि टोकांना बसणाऱ्या चकत्या आणि एक सरळ दांडा करून घ्या. दांडा सहज सरकला पाहिजे. सरकत नसेल तर नळी तापवून सरळ करून घ्यावी लागेल, नाहीतर एक्सलचं बेअरिंग आणि सील पहिल्याच दिवशी जाईल.

बेअरिंग-टोप्यांना बाहेरून आधार देणारं जाड झाकण मिळतं, त्यातले दोन बोल्ट टोप्यांवर टेकतात. ते हलकेच, ७ ते १० न्यूटन मीटर एवढेच आवळून लॉकनट लावा. जास्त आवळले तर टोपी दाबली जाते आणि बेअरिंग तापतं.

पिनियनची खोली

पिनियन क्राउनच्या किती जवळ बसतो ते इथे ठरतं, सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नव्या बेअरिंगवर प्रत्येक वेळी प्रेस मारत बसण्यापेक्षा जुन्या बेअरिंगची आतली रिंग आतून ग्राइंड करून सरकती करून घ्या. हे सेटिंगचं बेअरिंग हाताने निघतं आणि शिम बदलणं मिनिटांचं काम होतं. खोली ठरली की नवं बेअरिंग शेवटी एकदाच प्रेस करायचं. दोन्ही बेअरिंगची उंची आधी मोजा. फरक असेल तर तेवढी शिम बदला.

सुरुवात जुन्या शिमच्या जाडीने करा. पिनियनच्या डोक्यावर कोरलेला आकडा गिअर बनवणाऱ्याच्या पत्रकाबरोबर वाचा. अधिक-उणेचा अर्थ प्रत्येक कंपनीत सारखा नसतो. शेवटी निर्णय दातांवरची खूण देते.

पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) ठरवणाऱ्या दबणाऱ्या स्लीव्हऐवजी घट्ट स्पेसर आणि शिम वापरा. स्लीव्ह प्रत्येक ठोक्याला थोडी आणखी दबते, प्रीलोड जातो, पिनियन हलायला लागतो. नव्या बेअरिंगला फिरवण्याचा प्रतिकार फोर्ड ८.८ इंची हाउसिंगमध्ये साधारण २ ते ३ न्यूटन मीटर ठेवतात, वापरलेल्या बेअरिंगला त्याच्या निम्मा. तुमच्या हाउसिंगच्या पुस्तकातला आकडा पाळा. हे माप फक्त पिनियन बसलेला असताना, ऑइल लावून, बेअरिंग काही फेऱ्या फिरवल्यावर घ्या आणि सुटायच्या क्षणीचा आकडा न धरता फिरत असतानाचा धरा. क्लिक होणारा मोठा टॉर्क पाना इथे उपयोगाचा नाही, लहान काट्याचा लागतो.

क्राउन आणि बॅकलॅश

क्राउन स्पूलवर बोल्टने ओढून बसवू नका, तिरका बसतो आणि काठावर बारीक कचरा खरवडला जातो. ९० अंशांच्या गरम पाण्यात ठेवा, पुसा, तेलाचं बोट लावा आणि हाताने बसवा. थेट ज्योत देऊ नका, कडकपणा जातो. बोल्ट नवे घ्या, आटे स्वच्छ करून लाल लॉकटाइट लावा, समोरासमोरच्या क्रमाने ३ टप्प्यांत आवळा. बसवण्याआधी स्पूलची फ्लँज डायल गेजवर फिरवून बघा, ०.०५ मिमीपेक्षा जास्त डोलत असेल तर पुढे कितीही शिम बदलल्या तरी काम जमणार नाही.

बॅकलॅश रस्त्याच्या गिअरला साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी. ड्रॅगच्या गिअरला बनवणारा जास्त सांगतो, त्याच्या पत्रकातला घ्या. डायल गेजची सुई दाताला काटकोनात ठेवून क्राउनच्या ४ ठिकाणी मोजा. फरक ०.०५ मिमीच्या आत हवा. कमी-जास्त करायचा असेल तर एका बाजूची शिम काढून तेवढीच दुसऱ्या बाजूला घाला, एकूण जाडी बदलू नका. ०.२५ मिमी शिम सरकवली की बॅकलॅश साधारण ०.१८ मिमीने बदलतो. बॅकलॅश जमल्यावर प्रीलोडसाठी दोन्ही बाजूंना सारखी थोडी जाडी वाढवतात.

आता ३-४ दातांना पिवळा मार्किंग रंग लावा आणि क्राउनला लाकडी ठोकळ्याने अडवून पिनियन दोन्ही दिशांना फिरवा. न अडवता फिरवलेल्या खुणेला अर्थ नाही. खूण दाताच्या मुळाशी उतरली असेल तर पिनियन जास्त खोल आहे, शिम कमी करा. दाताच्या माथ्याकडे गेली असेल तर पिनियन बाहेर आहे, शिम वाढवा. हे पिनियनच्या बेअरिंगमागे शिम असणाऱ्या हाउसिंगला लागू. पिनियन वेगळ्या सपोर्टमधून बाहेरून बसतो, जसं फोर्ड ९ इंचीत, तिथे शिम वाढवली की पिनियन बाहेर येतो. खूण लांबीच्या दिशेने सरकवायची तर बॅकलॅश बदला: कमी केला की आतल्या टोकाकडे जाते, वाढवला की बाहेरच्या. भार आला की हाउसिंग वाकून खूण बाहेरच्या टोकाकडे सरकते. म्हणून ड्रॅगच्या गाडीत जोर लावणाऱ्या बाजूची खूण मधोमध किंवा किंचित आतल्या टोकाकडे ठेवा. बाहेरच्या टोकाला टेकलेली खूण म्हणजे काही धावांनंतर तिथूनच तुटणारा दात. पाय सोडल्यावर भार घेणाऱ्या बाजूची खूण थोडी मागेपुढे असली तरी चालते.

एक्सल, शाफ्ट, स्टड

एक्सल बसवण्याआधी फ्लँजपासून स्प्लाइनपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा. धावांनंतर एक्सल काढून बघा, रेघ वाकडी झाली तर पोलाद कायमचं पिळलं गेलं आहे. तो एक्सल अजून तुटलेला नसला तरी परत लावू नका. डिफरन्शियलच्या आत सी-क्लिपने (सी आकाराच्या कडीने) अडकवलेले एक्सल असतील तर बाहेरून बेअरिंग-रिटेनरने धरणारी टोकं लावून घ्या, नाहीतर एक्सल तुटल्यावर चाक हाउसिंगमधून निघून जातं. व्हील स्टड नटमध्ये निदान स्वतःच्या जाडीइतके आत गेले पाहिजेत.

गिअरबॉक्सपासून पिनियनपर्यंतच्या शाफ्टचे क्रॉस (टोकांचे सांधे) लहान असतील तर १३५० मालिकेचे घ्या, त्यांचा कप ३०.२ मिमी असतो, १३३० चा २७ मिमी. शाफ्टच्या पुढच्या क्रॉसपासून ६ इंचांच्या आत चौफेर कडं लावा, ६ मिमी जाड आणि ५० मिमी रुंद पट्टीचं. पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्ट जमिनीत रुतून गाडी उलटू शकते. हे कडं नंतर बघू म्हणून सोडायची गोष्ट नाही. जोर पडला की पिनियनचं नाक वर उचललं जातं, म्हणून उभ्या गाडीत ते शाफ्टच्या तुलनेत खाली ठेवतात: लिंकच्या सस्पेन्शनला साधारण २ अंश, लीफ स्प्रिंगला ५ ते ७.

२०१५ पासूनच्या मस्टँग जीटी किंवा बीएमडब्ल्यू थ्री सिरीजसारख्या स्वतंत्र मागच्या सस्पेन्शनच्या गाडीत नळ्यांचा प्रश्न नाही, पण दुसरा आहे. डिफरन्शियल रबरी बुशांवर लटकतो, बुश दबले की चाकं उड्या मारायला लागतात आणि प्रत्येक उडीला हाफ-शाफ्टवर (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्यावर) ठोका बसतो. इथे आधी सबफ्रेमचे आणि डिफरन्शियलचे बुश कडक करा, मग हाफ-शाफ्ट. जुन्या ई-४६ बीएमडब्ल्यूत डिकीच्या फरशीला तडे जाण्याचं प्रमाण मोठं आहे, तिथे पत्रा बघून मजबूत केल्याशिवाय बुश कडक करू नका.

ऑइल आणि बसवणूक

स्पूलला जीएल-५ दर्जाचं ८५डब्ल्यू-१४० मिनरल ऑइल चालतं. क्लच-प्लेटच्या लिमिटेड स्लिपला फ्रिक्शन मॉडिफायर घालावा लागतो, नाहीतर वळताना थरथरतो. ब्रीदरची (हाउसिंगमधली हवा बाहेर सोडणाऱ्या छिद्राची) नळी वर बॉडीपर्यंत न्या. सुटताना ऑइल मागे उसळतं आणि लहान ब्रीदरमधून ब्रेकवर येतं.

नवे गिअर चालवून सावकाश एकमेकांत बसू द्या. महामार्गावर २५-३० किमी अंतर हलक्या पायाने चालवा आणि पाऊण तास पूर्ण निवू द्या, असं ३ वेळा. हा भाग वंटमुरीच्या चढावर करू नका, सपाट रस्ता निवडा. पहिले १५० किमी सुटण्याचा सराव नको. ८०० किमीला ऑइल बदला. हाउसिंगवर हात ठेवता येत नाही इतकी तापत असेल तर थांबा आणि प्रीलोड परत मोजा.

धावण्याची जागा परवानगी घेऊन बंद केलेली पट्टीच असली पाहिजे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, गाडीतल्या बदलांना कलम ५२ लागू होतं आणि शर्यतीतलं नुकसान नेहमीच्या विम्यात बसत नाही.

नंतर कान ठेवा. पाय दाबल्यावर हुंकार आणि सोडल्यावर शांत, तर जोराच्या बाजूची खूण चुकली आहे. सोडल्यावरच आवाज, तर पिनियनचा प्रीलोड गेला का ते आधी बघा. पाय कसाही असला तरी वेगाबरोबर वाढणारी घरघर बेअरिंगची असते. दिशा बदलताना एकच टक्क आवाज येत असेल तर क्राउनचे बोल्ट किंवा स्प्लाइनमधला प्ले. अशा टक्क आवाजाची गाडी पुढच्या धावेला लावू नका, झाकण उघडून प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने तपासा.